विषयच सुचत नाही तेव्हा मी काय करते

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू नाशिकची, घरच्या रोजच्या स्वयंपाकावर पाच वर्षं ब्लॉग लिहितेस, सव्वाशेच्या वर पोस्ट झाल्यात आणि गेले आठ महिने एकही नाही. रात्री सगळं आवरून लॅपटॉप उघडतेस, दोन ओळी लिहितेस, खोडतेस, बंद करतेस. सगळ्या रेसिपी कुणी ना कुणी लिहून ठेवल्यात, यूट्यूबवर तर पोह्यांचेच शेकड्याने व्हिडिओ, मग आता मी नवीन काय लिहू असं तुझं म्हणणं, आणि शेवटी विचारलंयस की ताई, माझ्यातलं लिखाण संपलं का. मला ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतेय.

संपलेलं नाहीये. तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत. मी २००९ पासून मराठीत ब्लॉग लिहितेय, जुनी भांडी, बाजार, घरातल्या वापरातून गेलेल्या वस्तू असं माझं सगळं, आणि एवढ्या वर्षांत मी तीनदा अशी अडकलेय, एकदा तर चौदा महिने. दरवेळी वाटलं की झालं आता, आणि दरवेळी कारण वेगळं निघालं. म्हणून आधी कारण बघू, कारण एकीला लागू पडलेला उपाय दुसरीला लागू पडेलच असं नाही.

पहिलं म्हणजे साधा थकवा. रात्री साडेअकराला, दिवसभराचं ऑफिस आणि घर उरकून, ओटा पुसून लॅपटॉप उघडल्यावर काही सुचलं नाही तर त्यात तुझ्या लिखाणाचा काय दोष? ओळखायची खूण सांगते. वाचायलाही नको वाटतंय का? मैत्रिणीचा फोन आला तर नंतर करू असं होतंय का? तसं असेल तर महिनाभर ब्लॉगकडे फिरकूसुद्धा नकोस, झोप काढ, आणि ते मनाला लावून घेऊ नकोस. माझे ते चौदा महिने असेच होते, घरात आजारपण होतं आणि मी स्वतःला आळशी म्हणत बसले होते, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुला सांगतेय.

दुसरं कारण भीती. तुझ्या प्रश्नात एक वाक्य मधेच येऊन गेलंय, की मागच्या वर्षी गुळपोळीची पोस्ट खूप चालली आणि त्यानंतरच्या दोन कुणी वाचल्याच नाहीत. मला वाटतं खरी गाठ इथे आहे. एखादी पोस्ट व्हॉट्सॲपवर फिरते, अनोळखी लोक कौतुक करतात, आणि मग पुढचं प्रत्येक वाक्य लिहिताना ती सगळी माणसं समोर बसल्यासारखी वाटतात. यावर मी दोन गोष्टी केल्या. एक, व्ह्यूजचे आकडे बघणं महिन्यातून एकदाच, एक तारखेला. सुरुवातीला हात शिवशिवतात पण होते सवय. दुसरी, पोस्ट एका माणसाला लिहायची. माझी एक मावसबहीण आहे इंदूरला, तिला मराठी बोलायला आवडतं पण तिकडे फारसं कुणी नाही. मी वर लिहायचे 'प्रिय अमुक, सप्रेम नमस्कार, अगं परवा काय झालं' आणि तिथून पुढे जे येईल ते. पोस्ट झाली की वरची ओळ काढून टाकायची. पत्रात आपण कधी 'आज आपण पाहणार आहोत' असं लिहितो का? नाही ना, त्यामुळे भाषा आपोआप सरळ होते.

तिसरं कारण म्हणजे कोठार रिकामं होणं, आणि तुझ्याकडे थोडं हेही आहे असं वाटतं, म्हणून यावर जास्त लिहिते.

तू विषय शोधतेयस. विषय म्हणजे काय, तर 'पावसाळ्यातले पदार्थ', 'डब्याच्या भाज्या', 'उपवासाचे प्रकार'. असे विषय खरंच संपलेत, सगळे लिहून झालेत, तिथे तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण प्रश्न संपत नाहीत. विषय सोडून दे आणि प्रश्न धर, माझ्या सतरा वर्षांतलं सगळ्यात उपयोगाचं काही असेल तर हे एवढंच आहे.

तुझ्याच गावातलं उदाहरण घे. कांदा. 'कांद्याची भजी' हा विषय झाला, त्यावर लिहायला बसलीस तर तुला झोप येईल आणि वाचणाऱ्यालाही. आता प्रश्न बघ. तीच भजी, तेच प्रमाण, तीच कढई, मग एप्रिलमधे कुरकुरीत झालेली भजी डिसेंबरात मऊ का पडते? तू लासलगावच्या कांदा बाजारापासून तास-दीड तासावर राहतेस गं, तुझ्या दारात याचं उत्तर आहे. थंडीत बाजारात येतो तो लाल कांदा, त्यात पाणी जास्त, तो टिकतही नाही, काही आठवडे ठेवला की मऊ पडतो नाहीतर कोंब येतात. आणि मार्च ते मे निघतो तो उन्हाळ कांदा, तो शेतकरी कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमधे, भरून ठेवतात आणि दिवाळीपर्यंत पुरवून विकतात. लाल कांदा चिरून मीठ लावलं की किती पाणी सुटतं ते वाटीत काढून बघ, मग उन्हाळ कांद्याचं बघ, दोन्ही वाट्यांचा शेजारी-शेजारी फोटो काढ. झाली की पोस्ट! आणि लिहिता लिहिता पुढचे प्रश्न आपोआप निघतात. चाळीला सगळीकडून फटी का ठेवतात. रांगडा कांदा कोणता आणि तो मधेच कधी येतो. तुझ्या सासूबाई मसाल्याला कुठला कांदा भाजतात आणि का. पांढरा कांदा कशाला वापरायचा. एका कांद्यात पाच पोस्ट आहेत आणि त्यातली एकही रेसिपी नाही, तरी प्रत्येक स्वयंपाक करणारीला उपयोगी.

हे मला कसं कळलं ते सांगते. २०१३ च्या आसपास मी दुसऱ्यांदा अडकले होते. 'पितळेची भांडी आणि आरोग्य' असं काहीतरी लिहायला घेतलं होतं, चार दिवस तीच चार वाक्यं, सगळी नेटवर आधीच असलेली. वैतागून घरातलं एक पितळी पातेलं घेऊन कल्हईवाल्याकडे गेले, लिहायचं म्हणून नाही, कल्हई, म्हणजे आतला कथलाचा मुलामा, खरंच गेली होती आणि त्यात चिंचेची आमटी करता येत नव्हती, नुसत्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो. तो चिंचेच्या झाडाखाली बसायचा. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसे, बाजूला हाताने फिरवायचा भाता. मी नुसती बसून राहिले. त्याने पातेलं तापवलं, चिमूटभर नवसागर टाकला, भस्सकन पांढरा धूर आला, नाक झोंबलं, मग कथलाची कांडी आत टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने असं काही फिरवलं की दोन-तीन हातात सगळं आतून चांदीसारखं. मग पाण्यात बुडवलं, चर्रर्र. मी विचारलं, भांडं पुरेसं तापलं हे कसं कळतं हो? तो म्हणाला, ताई, कांडी टेकवली की कथील पळायला पाहिजे, चिकटून बसलं तर अजून भाता मारायचा. घरी आल्यावर बघितलं, कथील २३२ अंशाला वितळतं. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता, कांडीच त्याचा थर्मामीटर होती.

ती पोस्ट मी एका बैठकीत लिहिली. चार दिवस न हललेला हात दीड तास थांबला नाही. नंतर विचार केला की असं काय झालं, तर एवढंच झालं होतं की मी स्क्रीनसमोरून उठून वस्तूजवळ गेले आणि एक खरा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. आपल्याला माहीत असलेलं परत लिहायचा कंटाळा हाताला येतो, डोक्याला कळायच्या आधी.

मग वही. सगळे सांगतात वही ठेवा, पण तिच्यात काय लिहायचं ते कुणी सांगत नाही. 'आयडिया' लिहू नकोस. ऐकलेलं वाक्य, दिसलेली वस्तू, आलेला प्रश्न, बस, तारीख टाकून. माझ्या वहीतल्या काही ओळी देते: 'भाजीवाली म्हणाली, आज मेथी घेऊ नका, काल पाऊस झालाय, माती खाल.' 'जुन्या डब्यांवर नावं का कोरायचे, आणि तारीख का.' 'पाटा टाकवणारी बाई शेवटची कधी दिसली?' यातल्या प्रत्येक ओळीची पोस्ट झालेली नाही, निम्म्या तशाच पडून आहेत, पडू देत. वही हाताशी नसेल तर स्वतःलाच व्हॉट्सॲप करायचं, मी भाजी घेताना तेच करते. फक्त रविवारी ते वहीत उतरवायचं, कारण फोनमधलं आपण परत बघत नाही आणि हाताने लिहिताना त्याला दुसरं काहीतरी येऊन चिकटतं.

बाहेर जाणं जमत नसेल तेव्हा घरबसल्या जाळं टाकायच्या दोन-तीन जागा सांगते, या मी जिवापाड जपल्यात. एक म्हणजे जुनी गॅझेटिअर, जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ. ब्रिटिशांच्या काळात जिल्ह्याजिल्ह्याची निघाली, तुझ्या नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं आहे, नेटवर फुकट वाचता येतं. इंग्रजी जरा जड आहे पण तेव्हा जिल्ह्यात काय पिकायचं, कुठे बाजार भरायचा, लोक काय खायचे हे त्यात सापडतं. तेव्हाचं एखादं धान्य घे आणि आज तुझ्या किराणावाल्याकडे ते मिळतं का विचार. दुसरी जागा शब्दकोश. मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहेत, कुठलंही पान उघडायचं आणि स्वयंपाकघरातला एक शब्द शोधायचा जो आपल्या आजीच्या तोंडी होता आणि आपल्या नाही. उतरंड, शिंकाळं, रोवळी, फुंकणी. तुझ्या मुलांना विचार रोवळी म्हणजे काय. त्यांनी जे उत्तर दिलं तिथून पोस्ट सुरू कर.

आणि तिसरी, भिंतीवरचं कॅलेंडर. नक्षत्रं बघ त्यातली. मृग लागतं ७-८ जूनला, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आणि पंचांगात प्रत्येक नक्षत्राच्या पावसाला वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, कोल्हा, मोर. त्या त्या नक्षत्रात तुमच्याकडे रानभाजी कुठली येते, पापड-कुरडया आत कधी घेतात, धान्याला ऊन कधी दाखवतात. वर्षभराच्या पोस्ट तिथेच टांगलेल्या आहेत.

जुन्या पोस्टखालच्या प्रतिक्रियाही वाच. सव्वाशे पोस्ट म्हणजे कुणीतरी कुठेतरी विचारलेलं असणारच, 'माझी गुळपोळी फाटली, का?' आणि तू तेव्हा 'पाक कच्चा राहिला असेल' एवढंच लिहिलं असशील. त्या एका ओळीची पोस्ट कर. पाक कच्चा म्हणजे काय, बोटाला कसा लागतो, गूळ चिकीचा घेतला की साधा, सगळं.

आता एआयचं. तू लिहिलंयस की तू त्याला वीस विषय मागितलेस आणि ते वाचून आणखीच उदास वाटलं. साहजिक आहे. जे सगळ्यांनी लिहिलंय तेच ते पुढे ठेवणार, आणि तेवढं तर तुला आधीच माहीत होतं. मी ते टायपिंगच्या चुका बघायला, इंग्रजी गॅझेटिअरमधलं अवघड वाक्य समजून घ्यायला वापरते, खूप उपयोग होतो. पण तुझ्या सासूबाईंच्या मिसळणाच्या डब्यात हळदीशेजारी कुठली वाटी असते हे त्याला कुठून माहीत असणार, ते तुलाच उठून बघायला लागेल.

बसल्यावरचं आता. पहिला परिच्छेद लिहायचाच नाही. खरंच सांगते, मधूनच सुरू कर, जिथे तुला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे तिथून, म्हणजे त्या दोन वाट्यांमधल्या पाण्यापासून. सुरुवात शेवटी सुचते. आपल्याकडे शाळेत निबंधाची सवय लावलीय ना, त्यामुळे हात आपोआप 'पावसाळा सुरू झाला की धरणीमाता हिरवा शालू नेसते' असं लिहून मोकळा होतो आणि मग पुढे सरकत नाही, कारण त्या वाक्यात बघण्यासारखं काहीच नाही. त्याऐवजी 'काल पावसात भिजलेली कोथिंबीर आणली, संध्याकाळपर्यंत काळी पडली' एवढं लिही. ती का काळी पडली, ओली जुडी फडक्यात गुंडाळायची की कागदात, देठ कापायचे की ठेवायचे, पुढची पाच वाक्यं स्वतःहून येतात.

टाइप करायचाच कंटाळा येत असेल तर बोल. २०१७ पासून गूगलचं व्हॉइस टायपिंग मराठीत आहे आणि आता बऱ्यापैकी ऐकतं. जोडाक्षरं चुकतात, विरामचिन्हं तर विचारूच नकोस, पण कच्चा मसुदा म्हणून झकास. मी भाजी निवडता निवडता फोन समोर ठेवून बोलते. बोलताना आपण अडत नाही, कधी मैत्रिणीला फोनवर सांगताना तुला शब्द सुचले नाहीत असं झालंय का? दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी ते साफ करायचं. लिहिणं आणि दुरुस्त करणं एकाच बैठकीत अजिबात नको, तुझी ती रात्रीची दोन ओळी लिही दोन ओळी खोड अशी जी गत होतेय ती याच्यामुळेच होतेय. आणि उठताना सगळं संपवून उठू नये, पुढचं वाक्य माहीत असताना थांबायचं. अमेरिकन लेखक हेमिंग्वे हेच सांगायचा. उद्या बसल्यावर ते एक वाक्य तयार असतं आणि गाडी सुरू होते.

मुदतीबद्दल थोडं. मराठी लिखाणाची मजा बघ, हरिभाऊ आपट्यांनी १८९० मधे 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने दिल्या, म्हणजे दर आठवड्याला छापखाना वाट बघत असणार. १९०९ च्या 'मासिक मनोरंजन'पासून दिवाळी अंक सुरू झाले आणि तेव्हापासून कितीतरी लिखाण दिवाळी जवळ आली, संपादकांचं पत्र आलं म्हणून झालंय. पुढे १९४७ मधे एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने लिहिताना असं अडकण्याला राइटर्स ब्लॉक हे नाव रूढ केलं. नाव मिळाल्याने बरं वाटतं खरं, पण त्या नावाखाली बसून राहायचं नाही. ब्लॉगला मुदत नसते, म्हणून ती माणसाकडून घ्यायला लागते. मी एका मैत्रिणीला शब्द दिलाय, दर दुसऱ्या गुरुवारी रात्री नऊपर्यंत तिला मसुदा पाठवायचा, कसाही असो. ती वाचून काही बोलत नाही, फक्त 'मिळाला' लिहिते. एवढं पुरतं. दर आठवड्याचा वायदा मात्र करू नकोस, नोकरी आणि घर सांभाळून ते जमत नाही आणि दोनदा चुकलं की आपण सगळंच सोडून देतो.

दोनशे शब्दांची पोस्ट पण पोस्ट असते हेही सांगायचं राहिलं. सगळं सविस्तर, फोटोंसकट, बाराशे शब्द हवेतच असं तुला कुणी सांगितलं माहीत नाही, पण ते डोक्यातून काढ. दोन वाट्यांचा फोटो आणि खाली आठ ओळी, चालतंय.

तर सध्या एवढंच कर. शनिवारी सकाळी लॅपटॉप न उघडता बाजारात जा, कांदेवाल्याकडे उभी रहा, गर्दी नसेल तेव्हा, आणि विचार की घरी स्वतःला खायला तुम्ही यातला कुठला कांदा नेता. तो काय म्हणतो ते तिथेच, त्याच्याच शब्दात, फोनमधे टाइप कर. मग घरी येऊन दोन वाट्यांचं करून बघ, मीठ अर्धा चमचा, वेळ दहा मिनिटं, दोन्हीला सारखी. आणि किती पाणी सुटलं ते मला कळव, कारण मी इकडे ठाण्यात ज्या कांद्यावर करून बघितलं तो कुठला होता हे दुकानदारालाच सांगता आलं नव्हतं.